सुईणीची पायली आणि सिस्टरचा पगार

हातातलं काम चालू असेल तर चालू दे, कान तेवढे इकडं द्या.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "माझी पोरगी बारावी झाली. नर्स व्हायचं म्हणते. एक जण सांगतो दोन वर्षांचा कोर्स करा, दुसरा सांगतो तीन वर्षांचा करा. फी भरायला कर्ज काढावं लागणार. पण मला एवढंच सांगा, नर्सला पगार किती मिळतो?"

झालं, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीची भाची तालुक्याच्या दवाखान्यात आहे, तिच्या हातात महिन्याला आठ हजार पडतात. दुसरीच्या जावेची बहीण सरकारी दवाखान्यात आहे, तिला साठ हजाराच्या वर मिळतात. तिसरी म्हणाली, आमच्या उपकेंद्रात दोन सिस्टर आहेत, दोघी एकच काम करतात, पण एकीला दुसरीच्या निम्मासुद्धा पगार नाही. ताई गोंधळली. तिला वाटलं, कुणीतरी खोटं बोलतंय.

कुणीच खोटं बोलत नव्हतं. नर्सचा पगार किती, या प्रश्नाला एक उत्तर नाही. का नाही, हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं. आज तीच गोष्ट सांगते.

पायलीभर जोंधळे

माझी आजी सुईण होती. रात्री-अपरात्री कुणी कंदील घेऊन दारात आलं की उठून जायची. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली की तिला मिळायचे पायलीभर जोंधळे, एक नारळ आणि चोळीचा खण. हे मुलगा झाला तर. मुलगी झाली की पायलीची अर्धी पायली व्हायची आणि खण राहून जायचा. कळा त्याच, जागरण तेच, नाळ कापायची तशीच. मोल मात्र काय जन्माला आलं यावर ठरायचं.

मला वाटतं, नर्सच्या पगाराचा सगळा इतिहास आजीच्या त्या अर्ध्या पायलीत आहे. काम किती अवघड, किती जोखमीचं, याला भाव मिळाला नाही. काम कोण करतंय, कुणासाठी करतंय आणि कुठं करतंय, यावर भाव ठरत गेला.

त्यात विटाळाची भर. बाळंतपण म्हणजे विटाळ, म्हणून ते काम पुष्कळ गावांत खालच्या मानलेल्या जातींतल्या बायांकडे. जीव वाचवणारी बाई, पण बाराव्या दिवसानंतर तिला ओसरीवरच बसवायचं. ज्या कामाला मान नाही, त्याला दामही नाही.

इंग्रजांच्या काळात सुईणींना शिकवावं असा विचार सुरू झाला. १९०३ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ त्यासाठी एक निधी उभारला. पुढं स्वातंत्र्यानंतर, १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत, गावोगावच्या दायांना ३० दिवसांचं प्रशिक्षण देण्यात आलं. त्यासाठी विद्यावेतन होतं ३०० रुपये, म्हणजे दिवसाला दहा. प्रशिक्षण झाल्यावर, उपकेंद्रात नोंद असलेल्या बाईचं बाळंतपण केलं तर दाईला दहा रुपये. सरकारनं तिच्या हातात कात्री, धागा आणि प्रमाणपत्र दिलं, पण पगार काही दिला नाही.

पांढरी टोपी

आता दवाखान्यातल्या नर्सकडे येऊ. २१ फेब्रुवारी १८८८ रोजी मुंबईच्या बंदरात इंग्लंडहून दहा शिकलेल्या नर्स उतरल्या. कॅथरीन लॉक ही त्यांची प्रमुख. त्या आल्या होत्या गोऱ्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी. आपल्याकडच्या लष्करी नर्सिंगची सुरुवात तिथून धरतात. त्याच सुमारास, १८८६ साली, मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. तिथल्या डॉक्टर एडिथ पीची यांनी नर्सना शिकवण्याचं मनावर घेतलं. १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली हिंदी नर्स म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत येतं. नाव आपल्या आज्या-पणज्यांसारखंच आहे, बघा. आपल्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, आणि तिथंही ख्रिस्ती मुली नर्सिंग शिकू लागल्या.

पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सेवासदन काढलं. त्यांनी विधवा आणि परित्यक्ता बायांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलात पाठवायला सुरुवात केली. लोकांनी नावं ठेवली. चांगल्या घरच्या बायकांनी परक्या माणसांच्या अंगाला हात लावायचा, जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची? पण रमाबाई मागं हटल्या नाहीत. ज्या बाईला दोन वेळच्या जेवणासाठी दिराच्या तोंडाकडं बघावं लागत होतं, ती स्वतः कमावू लागली. नर्सिंगनं आपल्याकडच्या अनेक बायकांना महिन्याच्या महिन्याला मिळणारा रोख पैसा दाखवला. शिकलेल्या बायकांना तेव्हा फार थोडी दारं उघडी होती, त्यांतली दोन म्हणजे शिक्षिका आणि नर्स.

पण दवाखान्यातही अर्धी पायली आणि पूर्ण पायली होतीच. वर गोरी मेट्रन, मग अँग्लो-इंडियन सिस्टर, त्याखाली हिंदी नर्स, आणि सगळ्यात खाली आया. प्रत्येकीचं जेवण वेगळं, राहायची खोली वेगळी, पगार वेगळा. कातडीच्या रंगावर पगाराची पायरी ठरायची.

'सेवा' हा शब्द

मैत्रिणींनो, इथं मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो शब्द म्हणजे सेवा. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आजारी माणसांची शुश्रूषा केली आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी पैसा मागितला नाही. ती खरी सेवा, आणि आपण त्यापुढं डोकं टेकवतो. पण पुढं झालं असं, की हाच शब्द पगार वाचवायला वापरला गेला. सिस्टर आहे, देवीसारखी आहे, मग पैशाचं काय बोलते? डॉक्टरला असं कुणी म्हणत नाही. डॉक्टरही सेवाच करतो, पण त्याची फी आपण खिशातून आधीच काढून ठेवतो.

याचा परिणाम काय झाला? १९४३ साली सरकारनं देशाच्या आरोग्याची पाहणी करायला भोर समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. ब्रिटिश हिंदुस्थानात तीस कोटी माणसं होती आणि नर्स होत्या साधारण सात हजार. म्हणजे ४३,००० लोकांमागं एक नर्स. डॉक्टर सहा हजार तीनशे लोकांमागं एक होता. नर्सची राहण्याची सोय वाईट, कामाचे तास फार, पगार थोडा, मान त्याहून थोडा. मग कोण पाठवणार मुलीला?

स्वातंत्र्यानंतर गोष्टी हलल्या, पण हळूहळू. १९४७ च्या शेवटी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. म्हणजे देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा ठरवायची सोय झाली. १९५४ साली नर्सचा पगार आणि नोकरीच्या अटी बघायला शेट्टी समिती बसली. १९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक मोठी समिती नेमली, तिनं १९८९ मध्ये अहवाल दिला. पस्तीस वर्षांचं अंतर, पण प्रश्न तेच: तास कमी करा, माणसं वाढवा, पगार नीट द्या, राहायला जागा द्या.

गावात मात्र एक नवी बाई आली होती. सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे आपली एएनएम, आपली उपकेंद्राची सिस्टर. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिच्यावर बाळंतपणाबरोबर लसीकरण, कुटुंब नियोजन, ताप-हिवताप असं सगळंच आलं. सपाट भागात पाच हजार माणसांमागं एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागं एक. पाच हजार माणसांची दुखणी एका बाईच्या पिशवीत. पण एक फरक पडला. माझ्या आजीच्या पायलीची नोंद कुठंच नव्हती. या सिस्टरचं नाव हजेरीपटावर होतं, तिला वेतनश्रेणी होती, रजा होती, पेन्शन होती.

एकाच दारात दोन पगार

आता आजच्या आकड्यांकडे येऊ. जमलं तर वहीत लिहून घ्या.

सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेच्या कायम आरोग्यसेविकेचं सुरुवातीचं मूळ वेतन २५,५०० रुपये. वर महागाई भत्ता आणि घरभाडं. महागाई भत्ता २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर गेला. तो धरला तर २५,५०० मध्ये १२,७५० मिळवा: ३८,२५० झाले, घरभाडं वेगळं.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि उपकेंद्रात दुसरी एएनएम आली, कंत्राटावर. आपल्या राज्यातल्या गेल्या काही वर्षांच्या जाहिराती बघा. कंत्राटी एएनएमला एकवट १८,००० रुपये, कंत्राटी स्टाफ नर्सला २०,०००. भत्ता नाही, पेन्शन नाही, दर वर्षी करार नवा. आमच्या गटातली ती तिसरी बाई खरंच बोलत होती. एकाच उपकेंद्रात, एकाच टेबलाशी बसून, त्याच बाळांना त्याच सुया टोचणाऱ्या दोघी. एकीला ३८ हजारांच्या वर, दुसरीला १८ हजार.

जिल्हा रुग्णालयातल्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजातल्या कायम नर्सला, म्हणजे अधिपरिचारिकेला, राज्य सरकार सुरुवातीला ३५,४०० मूळ वेतन देतं. केंद्र सरकारच्या दवाखान्यात त्याच पदाला नर्सिंग ऑफिसर म्हणतात, आणि मूळ वेतन आहे ४४,९००. शिवाय वेगळा नर्सिंग भत्ता. नागपुरात दोन्ही आहेत. एका बाजूला राज्य सरकारचं मेडिकल, दुसरीकडं केंद्राचं एम्स. शहर एक, ऊन एक, रुग्णही त्याच विदर्भातले. पण गेटावरची पाटी बदलली की मूळ पगारात साडेनऊ हजारांचा फरक.

या सगळ्या शिडीच्या तळाशी आपली आशाताई आहे. ती नर्स नाही, पण गावात नर्सच्या आधी तिलाच हाक जाते. तिला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मोबदला किंवा मानधन म्हणतात. शब्दांकडं नीट लक्ष द्या बरं का. पगार मागता येतो, त्यावर भविष्य निर्वाह निधी लागतो, तो थकला तर दाद मागता येते. मानधन म्हणजे मानानं दिलेलं. दिलं तर दिलं. २०२३ च्या ऑक्टोबरात आशाताईंनी राज्यभर संप केला, पुढं मुंबईत आझाद मैदानात थंडीत बसून राहिल्या, तेव्हा कुठं २०२४ च्या मार्चमध्ये राज्यानं महिन्याला पाच हजारांची वाढ मंजूर केली. बसल्या म्हणून मिळाले.

खासगीत काय, आणि परदेशात काय

खासगी दवाखान्यातल्या नर्सची गोष्ट सगळ्यात अवघड. २०११-१२ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, केरळ इथल्या खासगी दवाखान्यांतल्या नर्स संपावर गेल्या. तक्रारी काय होत्या? पगार तुटपुंजा, पाळी बारा-बारा तासांची, आणि मूळ प्रमाणपत्रं मालकानं स्वतःकडं ठेवलेली. सोडून जायचं तर बॉण्डचे पैसे भरा. पोरीनं कर्ज काढून शिकायचं आणि तिचाच कागद कपाटात कुलूपबंद.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयानं केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. समितीनं त्याच वर्षी खाटांच्या हिशोबानं शिफारस केली. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार. १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. आणि ५० खाटांच्या आतला छोटा दवाखाना असला तरी महिन्याला २०,००० पेक्षा कमी नाही. ही शिफारस आहे. ती अमलात आणणं राज्यांच्या हातात आहे. आता तुमच्या तालुक्यातल्या दवाखान्यात काम करणाऱ्या पोरींना विचारा, हातात किती पडतात. ती भाची आठ हजारांवर का आहे, ते कळेल.

केरळात मात्र नर्सनी पाठपुरावा सोडला नाही. तिथली संघटना रस्त्यावर राहिली, आणि एप्रिल २०१८ मध्ये केरळ सरकारनं अधिसूचना काढून खासगी दवाखान्यातल्या नर्सचं किमान मूळ वेतन २०,००० ठरवलं. केरळच्या मुली साठीच्या दशकात जर्मनीला गेल्या, सत्तरीत आखाती देशांत गेल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशानं तिकडं घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली. त्यांना आपल्या कामाची जगात काय किंमत आहे ते आधी कळलं, म्हणून त्या घरातही भांडू शकल्या.

परदेशाचे आकडे ऐकून डोळे फिरतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत २०२४-२५ साली नव्या नर्सला वर्षाला २९,९७० पौंड होते, म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर. पण तिथलं घरभाडं, खाणं, कर यातून काय उरतं तो हिशोब वेगळा. लंडनमध्ये महागाई जास्त म्हणून तिथं त्यावर जादा भत्ता. अमेरिकेतही सगळीकडं सारखं नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात नर्सची वर्षाची सरासरी कमाई १ लाख ३० हजार डॉलरच्या वर होती आणि साउथ डकोटा राज्यात सुमारे ७० हजार. कॅलिफोर्नियात महागाई आहे हे खरं. पण तिथं नर्सची संघटनाही जबरदस्त आहे. एका नर्सकडं किती रुग्ण द्यायचे याचा कायदाच त्यांनी १९९९ साली करून घेतला.

आणि हो, परदेशी पाठवतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटापासून सावध राहा. कुवेतच्या नोकऱ्यांसाठी नर्सकडून अशा रकमा उकळल्याचं उघड झालं. त्या काळात, २०१५ साली, केंद्र सरकारनं आखाती देशांसह १८ देशांत नर्स पाठवण्याचं काम सरकारी संस्थांमार्फत करायचं ठरवलं.

मग त्या ताईला काय सांगितलं?

मी म्हटलं, पोरीला जरूर नर्स कर. पण फी भरायच्या आधी चार गोष्टी बघ.

पहिली, कोर्स कुठला. एएनएम बारावीनंतर दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी चार वर्षं. एएनएमला गावात काम मिळतं, पण वर चढायच्या पायऱ्या कमी. मोठ्या दवाखान्यातल्या आणि परदेशातल्या नोकऱ्या बहुतेक जीएनएम आणि बीएस्सीला. झेपत असेल तर एक वर्ष जास्त शिकव. पुढच्या तीस वर्षांच्या पगारात ते फिटेल.

दुसरी, कॉलेजाला मान्यता आहे का. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होणार नसेल तर तो कागद नुसता कागद आहे. माझ्या आजीकडं चाळीस वर्षांचा अनुभव होता, नोंदणी नव्हती. म्हणून तिला पायली मिळाली, पगार नाही.

तिसरी, नोकरी लागताना नेमणुकीचं पत्र लेखी घे. कायम की कंत्राटी, तास किती, पगार किती, बॉण्ड आहे का, ते त्यात असलं पाहिजे. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडं ठेवू नको, झेरॉक्स दे.

चौथी, एकटी राहू नको, संघटनेत जा. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या राज्यातल्या सरकारी नर्स कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या. ज्या कायम होत्या, त्या उद्या येणाऱ्या मुलींसाठी उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सांगितलं आहे, की तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कामगारालाही समान वेतन मिळालं पाहिजे. निकाल आहे, तो पदरात पाडून घेणं मात्र आपल्याला करावं लागतं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पगार किती, हे पोरीच्या हुशारीवर नाही, तर ती कुठल्या कागदावर सही करते यावर आहे." अगदी बरोबर. पण कागद कुणी लिहायचा, हेही बदलता येतं. आजीच्या काळात पायलीचा भाव घरचा कर्ता पुरुष ठरवायचा. आज तो भाव सरकार ठरवतं, मालक ठरवतो, आणि जिथं बाया एकत्र बसून मागतात तिथं त्याही ठरवतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या उपकेंद्राच्या सिस्टरला आणि आशाताईला चहाला बोलवा. आपण नेहमी त्यांना लस कधी, गोळ्या कुठल्या हे विचारतो. एकदा त्यांना विचारा, बाई, तुझा पगार वेळेवर येतो का? गेल्या महिन्याचा आला का? आणि नसेल आला, तर गटाच्या लेटरहेडवर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला एक पत्र लिहा, खाली सगळ्याजणींच्या सह्या करा. आपल्या बाळांची नाळ कापणारीचं मोल आपण विचारलं नाही, तर दुसरं कोण विचारणार?

येते मैत्रिणींनो. नमस्कार.